देह, आत्मा आणि सहा तास

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



परवा आपण बाप्पांना आणले. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती शाडूची मूर्ती होती. नंतर आपण मुलांना ‘देवाला हात लावू नका’ म्हणू लागलो. अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा होईल. अक्षता वाहून मूर्ती जराशी हलवली की देव निघाला, असे आपण मानतो. तरीही ती मूर्ती आपण कशीही टाकून देत नाही. आरती करून, हातांवर धरून पाण्यात सोडतो. देह आणि आत्मा यांच्या नात्याविषयीचे आपले घरगुती उत्तर त्यातच आहे.

पंडितांची उत्तरे मात्र अनेक आहेत. कठोपनिषदात देह हा रथ आणि आत्मा त्याचा स्वामी. बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. गीतेत देह म्हणजे वस्त्र, जीर्ण झाले की बदलायचे. नैयायिक म्हणतात, डोळ्यांनी पाहिलेला आंबा हातात घेतला की ‘पाहिला तोच हा’ असे आपल्याला कळते. ते एकट्या डोळ्याला कळणार नाही, एकट्या हातालाही नाही. म्हणजे जाणणारा दोघांहून वेगळा आहे. जैन मतानुसार जीव देहाएवढा असतो. दिव्याचा उजेड खोलीभर पसरावा तसा तो मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा. चार्वाक म्हणतात, पदार्थ आंबवले की जशी नशा उत्पन्न होते, तसे चार भूतांच्या मिश्रणातून चैतन्य उपजते आणि देहाबरोबर संपते. बौद्धांनी कायमचा आत्माच नाकारला. युरोपात देकार्तने मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्ये मानली. तेव्हा १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्रातून विचारले, की निराकार मन शरीराला हलवते तरी कसे? त्याची उत्तरे तिला पुरेशी वाटली नाहीत.

हे सर्व आम्ही हौसेने वाचत होतो. मग एका पहाटे आई गेली.

आईने नेत्रदानाचा अर्ज भरला होता. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे काढून घ्यावे लागतात, हेही आम्हाला ठाऊक होते. पण काका म्हणाले, “देह अखंड जायला हवा. वहिनी पुढच्या जन्मी आंधळ्या आल्या तर?” कोणी त्यांना समजावू लागले, कोणी त्यांच्या बाजूने झाले. उशाशी गीता वाचणे चालू होते. वस्त्र बदलण्याचा श्लोकही येऊन गेला, आणि आम्ही त्या जुन्या वस्त्राच्या दोन गुंड्या द्यायला कचरत होतो. बोलता बोलता वेळ टळली. डोळे चितेबरोबर गेले.

अस्थी नर्मदेत सोडून आल्यावर पुन्हा एकेक मत तपासले. आत्मा रथाचा स्वामी असेल, तर तो रथातून उतरला. जीव उजेडासारखा असेल, तर डोळ्यांपुरता मागे राहिला नसणार. चार्वाक खरे असतील, तर दुखावले जाणारे कोणी उरलेच नाही. काकांच्या भीतीला आम्हाला यांपैकी एकाही मताचा आधार सापडला नाही. मग ती आली कोठून? मायेतून. आम्ही आईचा आत्मा कधी पाहिला नव्हता. पाहिले होते ते तिचे डोळेच. म्हणून काकांना दोष द्यावासा वाटत नाही. चूक आमची. हे बोलणे आई असताना, तिच्यासमोर व्हायला हवे होते.

म्हणून विनंती एकच. नेत्रदानाची इच्छा असेल तर अर्ज भरून थांबू नका, घरात सांगा. कारण त्या वेळी संमती घरच्यांनाच द्यायची असते. चष्मा होता, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, म्हणून नेत्रदान अडत नाही. चेहरा विद्रूप होत नाही. नेत्रपेढीला लगेच फोन करा, पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. एका व्यक्तीचे डोळे दोघांना दृष्टी देऊ शकतात.

गेल्या वर्षी काकांनी स्वतः अर्ज मागून घेतला. सही करताना म्हणाले, “आता मात्र वाद घालत बसू नका रे.”

आत्मा कोठे जातो, हे पंडितांना ठरवू द्या. मागे राहिलेला देह आदराने सोडायचा, एवढे आपल्याला बाप्पा दरवर्षी शिकवून जातात. आदराने देऊनही तो सोडता येतो.

गणपती बाप्पा मोरया!