पाणी कुणाच्या खात्यात?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, 'पाणी व्यवस्थापनासाठी सरकारी यंत्रणेची पुनर्रचना'. तो वाचून मागे बसलेल्या दोघा-तिघांनी जांभई दिली, ती मी पाहिली. त्यांचं काही चुकलं नाही. हे शब्दच झोप आणणारे आहेत. मी बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत कारकुनी केली. अशा शब्दांच्या फायली बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. तेवढ्या अनुभवावर एक गोष्ट सांगतो. ज्या शब्दांनी आपल्याला झोप येते, त्या शब्दांच्या आड कुणीतरी टक्क जागा असतो आणि आपल्या वाटचं पाणी वळवून घेत असतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. आई तिथं माती वाहायला जायची. दुपारी सुकडी मिळायची, ती पदराला बांधून आमच्यासाठी आणायची. अख्खा महारवाडा, मांगवाडा त्या तलावावर राबला. पुढं पाऊस झाला, तलाव भरला, पाझर सुटला. तो पाझर उतरला खालच्या बागायतदारांच्या विहिरींना. त्यांचा ऊस उभा राहिला. आमची वस्ती तलावाच्या वरच्या बाजूला, खडकावर. आमचा आड कोरडा तो कोरडाच. आई म्हणायची, "तलाव आम्ही खांदला, पाझर त्यांच्या हिरीला."

पाणी व्यवस्थापनाची याहून नेमकी व्याख्या मला नंतर कुठल्या अहवालात सापडली नाही.

पुढं नव्वदच्या दशकात वस्तीला नळ मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला. ग्रामपंचायत म्हणाली, जिल्हा परिषदेकडे जा. जिल्हा परिषद म्हणाली, भूजलवाल्यांचा दाखला आणा. भूजलवाले म्हणाले, विहीर तलावाच्या पोटात घ्यावी लागेल, तलाव ज्यांच्या ताब्यात त्यांची परवानगी आणा. तलाव नेमका कुणाच्या ताब्यात याच्यावरच दोन कचेऱ्यांचा पत्रव्यवहार चालला. मग अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी, मग वीजजोडणी. शेवटी फाइल फिरून ग्रामपंचायतीत आली. का? तर ठराव लागतो. आणि ठराव करणार कोण? ज्यांच्या विहिरीला पाझर उतरला ते! मी स्वतः खात्यात नोकरीला असून हे झालं. प्रत्येक साहेब सभ्य होता, प्रत्येकाने खुर्ची दिली, चहा पाजला. फक्त पाणी कुणी दिलं नाही.

म्हणजे बघा, पूर्वी जात सरळ काठी घेऊन पाणवठ्यावर उभी राहायची. आता तिला काठी लागत नाही. पाच खाती पुरतात.

महाडचं आपण दरसाल बोलतो. पण त्यातली कागदाची बाजू नीट बघत नाही. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव होता, सही होती, शिक्का होता. आणि तीन वर्षांत अस्पृश्याच्या ओंजळीत थेंब आला नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा ओला झाला. लगेच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव रद्द केला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. धडा काय? यंत्रणेत कोण बसलंय हे बदललं नाही, तर चांगला ठरावही सुका राहतो.

आता दुसरे बाबासाहेब बघा. ते आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत फारसे येत नाहीत. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. १९४३ च्या जुलैत बंगालात दामोदर नदीला पूर आला, बांध फुटला, कलकत्त्याची रेल्वे तुटली. नदीचं वरचं खोरं बिहारात, पूर खाली बंगालात. दोन प्रांत, दोन सरकारं, नदी मात्र एक. बाबासाहेबांच्या खात्याने भूमिका घेतली की नदीचं अख्खं खोरं हा एक घटक मानायचा. पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक यांचा एकत्र विचार करायचा आणि त्याला एकच अधिकारी संस्था नेमायची. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता, तिथला इंजिनिअर बोलावून आराखडा करून घेतला. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचं मूळ तेच. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला.

म्हणून 'पुनर्रचना' हा आपला शब्द आहे. साहेब लोकांकडून उसना घेतलेला नाही.

पण इथं थांबून नुसती आरती करायची असेल तर मी खाली बसतो. दामोदरचं पुढं काय झालं? आराखड्यात आठ धरणं होती. महामंडळाने बांधली चार: तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. राज्यांना नदीवरचा आपला हात सोडायचा नव्हता. साठच्या दशकात कालव्यांचं जाळं पश्चिम बंगाल सरकारकडे गेलं. खोऱ्याची संस्था म्हणून जन्मलेलं महामंडळ मुख्यतः वीज विकणारी कंपनी होऊन बसलं. संथाल आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्यांना त्या संस्थेत मजुरी मिळाली, मत मिळालं नाही.

पंचेत धरणाचं उद्घाटन ६ डिसेंबर १९५९ ला झालं. तारीख ध्यानात घ्या. नेहरूंनी बुधनी या संथाल मजूर मुलीच्या हातून कळ दाबवून घेतली. तिने नेहरूंना हार घातला होता, म्हणून जमातीने तिला वाळीत टाकलं आणि पुढं नोकरीही गेली. फोटोत पुढं, हिशेबात कुठंच नाही. सरकारी यंत्रणेत आपल्या माणसांची जागा बहुधा अशीच असते.

संविधानात आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राच्या सूचीत आहे, बाकी पाणी राज्याच्या सूचीत. १९५६ साली नदी मंडळांचा कायदा झाला. त्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ उभं राहिलं नाही! २०१६ साली मिहिर शाह समितीने सांगितलं की जमिनीवरच्या पाण्याचा आयोग वेगळा आणि जमिनीखालच्या पाण्याचं मंडळ वेगळं ही फाळणी मोडा, एक राष्ट्रीय जल आयोग करा, त्यात इंजिनिअरांबरोबर समाजशास्त्रज्ञ, पर्यावरणशास्त्रज्ञही घ्या. आयोगातल्या इंजिनिअरांनी विरोध केला. अहवाल कपाटात गेला. २०१९ साली दोन मंत्रालयं जोडून जलशक्ती मंत्रालय झालं. जमिनीखालच्या पाण्याला ही भानगड माहीत नाही. ते विहिरीतून नदीत आणि नदीतून विहिरीत जातच राहतं.

आता महाराष्ट्र. १९९६ ते १९९८ या काळात पाच महामंडळं झाली: कृष्णा, विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा. रोखे काढले, कर्ज काढलं, कंत्राटं निघाली. पैशाचा धूर इतका झाला की २०१२ साली सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली. मधल्या काळात, २००५ साली, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. कायदा म्हणाला, नदीखोऱ्यांच्या संस्था हव्यात. मग त्या कोणत्या? तर हीच पाच महामंडळं! धरणं बांधायला काढलेल्या दुकानावर नवी पाटी लावली. कायद्यात एकात्मिक राज्य जल आराखडा करा असं होतं. तो यायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. तोवर आराखड्याविना प्रकल्प मंजूर होतच होते. शेतीला किती, कारखान्याला किती हे ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून काढून २०११ साली मंत्रिमंडळाने स्वतःकडे घेतला. ज्याला पंच केलं त्याच्या हातातली शिट्टीच काढून घेतली.

आणि त्याच कायद्यात एक कलम असं घातलं की दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या माणसाला शेतीच्या पाण्याला दीडपट दर. उसाला किती पाणी लागतं हे कुणी विचारलं नाही. गरिबाच्या घरात पाळणे किती हे मात्र मोजलं.

तुमच्यातला एखादा म्हणेल, काका, आपल्याकडे जमीनच नाही, मग या कालव्याच्या भानगडीत आपण कशाला पडायचं? हीच तर मेख आहे, बाबा. २००५ च्याच दुसऱ्या कायद्याने पाणी वापर संस्था आल्या. सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक. ज्याला जमीन त्याला पाणी, ज्याला जास्त जमीन त्याला जास्त पाणी. वतनाच्या काळात जमीन ज्याच्या हातात गेली, त्याच्याच हातात पाणी आपसूक चाललंय. जातीने केलेली जमिनीची वाटणी पाण्याने पुन्हा पक्की केली.

दुसरी रीत असू शकते, हे आपल्याच राज्यात लोकांनी करून दाखवलंय. बहात्तरच्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटायचं. माणशी अर्धा एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही वाटा. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही. सांगली जिल्ह्यात बळीराजा धरणाच्या लढ्यातही भूमिहीनांच्या वाट्याचा प्रश्न लोकांनी उचलला. सरकारने या प्रयोगांचं कौतुक केलं, पण कायदा मात्र केला उलटा.

आता शहराकडे या, नाहीतर म्हणाल म्हातारा गावातच अडकला. मुंबईला सात तलावांतून रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून जास्त पाणी येतं. भातसा, तानसा, वैतरणा ज्या शहापूरच्या अंगाला आहेत, तिथल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरणाच्या उशाशी तहान! आणि इकडे जलवाहिनीला खेटून असलेल्या झोपडीला २००० सालाच्या नंतरची म्हणून नळ नव्हता. लोक कोर्टात गेले. डिसेंबर २०१४ ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं, घर बेकायदा असलं तरी पाणी हा जगण्याचा हक्क आहे, तो नाकारता येत नाही. महापालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण यायला २०२२ उजाडलं. मधली आठ वर्षं त्या वस्त्यांनी ड्रमाने पाणी विकत घेतलं.

आणि पाणी वापरून झालं की गटारात जातं. तिथून ते पुन्हा आपल्याकडे येतं. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. भरपाई वाढवायची वेळ येते, याचा अर्थ काय ते समजून घ्या. माणसं अजून मरताहेत. नळाचं खातं आणि गटाराचं खातं वेगळं. नळाच्या खात्यात इंजिनिअर, गटाराच्या तोंडावर कंत्राटदाराचा माणूस. त्याची जात सांगायची गरज आहे का?

म्हणून पुनर्रचना पाहिजेच. पण आपली पाहिजे. मुद्दे लिहून घ्या.

एक. खोऱ्याला एकच संस्था. नदी, विहीर, तलाव, नळ आणि सांडपाणी एका छताखाली. बांधणारा वेगळा आणि वाटणारा वेगळा. ठेकेदाराचा दोस्त वाटपाला बसता कामा नये.

दोन. त्या संस्थेत भूमिहीन, धरणग्रस्त, सफाई कामगार आणि बाया यांना राखीव जागा. निमंत्रित म्हणून नव्हे, मतासकट. आज प्राधिकरणात इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र, कायदा यांचे जाणकार बसतात. तहानेच्या जाणकाराला तिथं खुर्ची राखलेली नाही.

तीन. पाण्याचा हक्क माणशी. जमीन असो वा नसो.

चार. पिण्याच्या पाण्याला एक खिडकी आणि एक जबाबदार अधिकारी. अर्ज फिरवायचा तर त्याने फिरवावा, आमच्या आईबापांनी नाही.

पाच. वस्तीवार हिशेब जाहीर. कुठल्या आळीला किती नळ, किती तास, किती लिटर. गावकुसाच्या आत किती, बाहेर किती.

सहा. गटारात यंत्र, माणूस नाही. आणि यंत्र चालवणारा कायम नोकर.

हे वरून कुणी देणार नाही. ठराव सुका असतो, तो ओला आपणच करायचा. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या वस्तीतले नळ मोजून या. किती वाजता पाणी येतं, किती घरांत एक नळ, बिल कुणाच्या नावावर, सगळं लिहून आणा. माहितीचा अर्ज कसा भरायचा ते मी शिकवीन. बत्तीस वर्षं मी अर्जांना उत्तरं दिली आहेत. उत्तर कसं टाळतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्या वस्तीत शेवटी नळ आला. अर्जानंतर सातव्या वर्षी. आई तोवर गेली होती. तिच्या हाताने वाहिलेल्या मातीचा तो तलाव अजून उभा आहे. तलावाचं खातं दोनदा बदललं, पाटी तीनदा रंगवली. तिचं वाक्य मात्र अजून खरंच आहे. ते खोटं पाडायचं काम आता तुमच्याकडे.

जयभीम.