हावरटपणा नव्हे, आजार

(स्नेहमेळाव्यात सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल' हा विषय दिला होता. त्यांच्या परवानगीने मी तो बदलला आहे. मी एका आजाराबद्दल बोलणार आहे. तो मला झाला होता, पण वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत त्याचं नावही मी ऐकलं नव्हतं. नाव आहे बिंज इटिंग डिसऑर्डर.

मधल्या सुट्टीत डबा दोन मिनिटांत फस्त करणाऱ्याला आपण 'याला भस्म्या झालाय' म्हणून चिडवायचो. ते चिडवणं होतं. लग्नात चार जिलब्या जास्त खाणं किंवा दिवाळीत फराळावर आडवा हात मारणं हा आजार नव्हे. आजारात साधारण दोन तासांच्या आत, इतर कोणी खाईल त्यापेक्षा कितीतरी जास्त खाल्लं जातं आणि थांबणं आपल्या हातात राहत नाही. ही दुसरी खूण फार महत्त्वाची. अनेकदा भूक नसतानाही, भराभर, पोट दुखेपर्यंत आणि लाज वाटते म्हणून एकट्याने खाल्लं जातं. नंतर स्वतःचीच किळस येते. असं आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने होत असेल आणि त्याचा मनस्ताप होत असेल, तर डॉक्टर हे निदान करतात. खाल्लेलं भरून काढायला कोणी मुद्दाम उलट्या काढत असेल किंवा जुलाबाची औषधं घेत असेल, तर तो बहुधा बुलिमिया नावाचा वेगळा आजार असतो. तेही डॉक्टरांना न लपवता सांगावं.

माझं असं व्हायचं. रात्री साडेअकराला परदेशातल्या टीमबरोबरचा कॉल संपायचा. घर झोपलेलं असायचं. मी ओट्यापाशी उभी राहून उरलेल्या पोळ्या, फ्रीजमधला गार भात, शेवेचं अख्खं पाकीट, डब्यासाठी आणलेली बिस्किटं, जे हाताला लागेल ते संपवायची. रिकामी पाकिटं ऑफिसच्या बॅगेतून बाहेर जायची. एका डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा पाहून 'तोंडाला कुलूप लावा' एवढंच सांगितलं. मी ते लावलं. त्या महिन्यात झटके दुप्पट झाले.

असं का व्हावं? १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वेच्छेने आले होते. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळजवळ पावपट घटलं. पण त्याहून विलक्षण म्हणजे ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर त्यांच्यातले काही जण पोट तुडुंब भरलं तरी थांबू शकत नव्हते. ही सगळी धडधाकट, निश्चयी मुलं होती. शरीराला उपाशी ठेवलं की ते वसुली करतं, एवढाच याचा अर्थ.

अनेकांच्या बाबतीत आजाराचं चक्र असं फिरतं: कडक डाएट, मग ताण किंवा एकटेपणा, मग झटका, मग अपराधीपणा, आणि त्यावर प्रायश्चित्त म्हणून आणखी कडक डाएट. प्रत्येकाचा आजार डाएटपासूनच सुरू होतो असं नाही. नैराश्य, चिंता, लहानपणी वजनावरून झालेली हेटाळणी, आनुवंशिकता यांचाही हात असतो. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९५९ मध्ये अशा खाण्याचं वर्णन केलं होतं. तरी स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकेच्या अधिकृत मानसोपचार सूचीत त्याला जागा मिळाली ती २०१३ मध्ये. आणि हा फक्त बायकांचा आजार नाही. पुरुषांनाही तो होतो, म्हणून समोरच्या मित्रांनीही ऐकावं.

आता उपचार. सर्वांत जास्त पुरावा आहे तो सीबीटी या बोलण्याच्या उपचारपद्धतीचा. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ती खाण्याच्या आजारांसाठी घडवली. माझे पाच महिन्यांत वीस सेशन झाले. पहिलं काम नोंदवहीचं: किती वाजता, काय, कुठे खाल्लं, मनात काय होतं. कॅलरी मोजायच्या नाहीत. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही सवय असते. सिस्टीम रात्री बारा वाजता कोलमडली तरी कारण दुपारच्या नोंदींत सापडतं. माझ्या वहीतही तसंच निघालं. ज्या दिवशी दुपारचं जेवण हुकलं होतं, जवळजवळ त्याच रात्री झटका आला होता.

दुसरं काम ऐकून मी चकित झाले: वेळेवर खा. तीन जेवणं, मध्ये दोन वेळा थोडं काही, आणि चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. रात्री झटका आला तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. पुढे बंदी घातलेले पदार्थ एकेक करून ताटात परत आले. वजन आठवड्यातून एकदाच. झटके थांबवणं हे उद्दिष्ट, वजन उतरवणं नव्हे. माझं वजन फारसं उतरलं नाही, झटके मात्र थांबले. अतिताणाच्या काळात अजून कधीतरी ओढ वाटते. मग मी वही काढते.

सर्वांनाच वीस सेशन लागत नाहीत. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१७ च्या सूचना सांगतात की, मोठ्या माणसांत आधी पुस्तकाच्या आधारे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्वतःच करायचा कार्यक्रम द्यावा, आणि नुसत्या औषधांवर भिस्त ठेवू नये. सोबत नैराश्य, मधुमेह, रक्तदाब असेल तर त्यांचेही उपचार हवेत. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. कुठे जावं कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

घरच्यांना एवढंच सांगेन की कपाटाला कुलूप लावू नका, पोळ्या मोजू नका. शेजारी बसून जेवा.

एक विनंती आपल्या सगळ्यांसाठी. तीस वर्षांनी भेटतो आहोत. सकाळपासून दारातच 'अगं, किती सुटलीस!' आणि 'अरे, पोट बघ!' हे मी बरंच ऐकलं. प्रेमानेच म्हणतो आपण. पण ते ऐकणाऱ्यांपैकी कोणी आज पंगतीत दोन घास खाऊन उठेल आणि रात्री एकटं बसून खाईल. त्याऐवजी 'कशी आहेस?' असं विचारू या आणि उत्तर येईपर्यंत थांबू या. कोणाला माझ्याशी या विषयावर बोलायचं असेल, तर मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे.