मुक्कामावरील बाटल्या आणि बुचे

डोंगरावरील मुक्कामाची तयारी करताना माणूस अंथरूण-पांघरूण, शिधा आणि दिवाबत्ती यांची काळजी अगत्याने करतो. तेलाची बाटली मात्र अखेरच्या घटकेस, जागा सापडेल तेथे कोंबतो. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण काटकसरीच्या उपदेशासाठी आहे खरी. परंतु पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी तिचा निराळाच प्रत्यय येतो. सांडलेले पाणी वाळून जाते, तेल वाळत नाही. फिनाईल तांदळात मुरले की तो तांदूळ टाकूनच द्यावा लागतो. घोंगडी साबणाच्या पाण्याने भिजली, तर ती वाळण्यापुरते ऊन पावसाळी डोंगरात मिळेलच असे नाही. बाजारापासून दोन दिवसांच्या वाटेवर दुसरा तांदूळ नाही आणि दुसरी घोंगडीही नाही. म्हणून हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नव्हे.

जुन्या पिढीने याचा विचार केलेला होता. तेल-तूप चामड्याच्या बुधल्यांतून जाई. बुधला आपटला तरी फुटत नसे. काशीचे गंगाजल तोंडाशी डाख दिलेल्या गडव्यातून घरी येई. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर वा बडोदे येथील जुन्या मराठी घरांत, माळ्यावर शोधले, तर फिरकीचा तांब्या अजूनही सापडेल. न फुटणारे भांडे, लहान तोंड आणि आट्यांवर सर्व बाजूंनी सारखे दाबून बसणारे झाकण, हे त्याचे तत्त्व आजच्या प्लास्टिकच्या बाटलीलाही लागू आहे.

तरीही बाटली गळते. त्याची कारणे मुख्यतः तीन: उंची, उष्णता आणि द्रवाचा स्वतःचा स्वभाव.

प्रथम उंचीचा विचार करू. समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर वर गेले की बाहेरील हवेचा दाब जवळजवळ एक दशांशाने कमी होतो. केदारनाथ ३,५०० मीटरांहून उंच आहे. तेथे तो समुद्रकाठच्या दाबाच्या दोन तृतीयांशाइतकाच उरतो. पायथ्याशी बंद केलेल्या बाटलीत मात्र पायथ्याचीच हवा कोंडलेली असते. ती बाहेर पडू पाहते, आणि बाटली आडवी असेल तर आपल्यापुढे तेलालाच बाहेर ढकलते. विमानाच्या कक्षातही थोड्याफार प्रमाणात असेच घडते.

उष्णतेचे कार्य अधिक सावकाश चालते. रॉकेल १० अंश सेल्सिअस तापले की सुमारे एक टक्क्याने फुगते. काठोकाठ भरलेला डबा दुपारी तंबूत तापला, की वाढलेल्या रॉकेलला बाहेर येण्यावाचून मार्ग राहत नाही. उलट पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि काचेची बाटली फोडते.

तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. साबणाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा फार सहज पसरते. ज्या फटीतून पाणी येत नाही तीतून ते झिरपते. रॉकेलमध्ये साध्या रबराचे वायसर फुगून वेडेवाकडे होते. खोबरेल तेलाची तऱ्हा तर फसवीच. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते. माळव्यातल्या थंडीत सकाळी बाटली उलटी केली तर थेंबही पडत नाही आणि झाकण पक्के आहे असे वाटते. दुपारी तेल वितळले की फट उघडकीस येते. म्हणून तेलाची परीक्षा ते पातळ असतानाच करावी.

उपाय सोपे आहेत. मऊ बाटली नरसाळ्याने सुमारे नऊ दशांश भरावी. द्रव तोंडाशी येईपर्यंत ती हलकेच दाबावी आणि त्याच स्थितीत झाकण लावावे. बाटली किंचित चेपलेली राहते, आत हवा जवळजवळ उरत नाही आणि द्रवाला फुगण्यास जागा राहते. धातूच्या डब्यात एक दशांश जागा मोकळी ठेवावी आणि चढावर एकदोनदा, डबा उभा धरून व विस्तवापासून दूर, झाकण सैल करून पुन्हा आवळावे. आटे पुसून कोरडे करावेत. तोंडावर प्लास्टिकचा पातळ तुकडा ठेवून वरून झाकण फिरवावे. नंतर बाटली रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर उलटी ठेवावी. सकाळी कागदावर डाग दिसला, तर ती बाटली घरीच राहू द्यावी. उत्तीर्ण झालेल्या बाटल्या स्वतंत्र जाड पिशवीत, उभ्या, शिध्यापासून दूर बांधाव्यात.

येथवर प्रश्न नुकसानीचा होता. पुढचा प्रश्न जिवाचा आहे. फिनाईल, रॉकेल किंवा स्पिरिट पाण्याच्या अगर सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. अंधारात तहानलेले मूल चिठ्ठी वाचत नाही, ओळखीची बाटली पाहते. चुकून रॉकेल पोटात गेलेच, तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसांत शिरण्याचा धोका असतो. तत्काळ दवाखाना गाठावा. कपडे पांढरे करणाऱ्या क्लोरीनयुक्त द्रवातून वायू सुटत राहतो. तो मूळच्या बाटलीतच ठेवावा. शौचालय धुण्याच्या आम्लाशी त्याचा संयोग झाला तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. दोन गळक्या बाटल्या एका पिशवीत असणे एवढेही त्यास पुरे. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवात मद्यार्क असतो. तो चुलीजवळ नको. रॉकेल आगगाडीच्या डब्यातून नेण्यास बंदी आहे आणि विमानातही ते नेता येत नाही, हेही ध्यानी असावे.

सर्वांत निर्धोक बाटली म्हणजे जी नेलीच नाही ती. साबणाची वडी, शिकेकाईची पूड, दंतमंजन आणि भांड्यांसाठी चुलीतली राख यांनी चार दिवसांचे काम बिनबोभाट भागते. या वस्तू गळत नाहीत. साबण मात्र कोणताही असो, तो ओढ्यात मिसळू नये. पाणी भरून काठापासून निदान ६० मीटर दूर जाऊन धुणे करावे. खालच्या वस्तीतील माणसे आणि गुरे तेच पाणी पितात.

निघण्याच्या आदल्या रात्री एक वर्तमानपत्र आणि चार उलट्या बाटल्या एवढीच ही तयारी आहे. तिला पैसा लागत नाही, पाच मिनिटांची सवड लागते. आणि डोंगरावर घोंगडी कोरडी व तांदूळ निर्मळ राहिला, की त्या पाच मिनिटांचे मोल पुरेपूर मिळते.