दूरच्या यंत्राचें मौन

एके सकाळीं सांगलीच्या एका पतसंस्थेच्या चिटणिसांनीं मला घाईघाईनें दूरध्वनि केला. “अण्णा, मुंबईचें यंत्र मेलें! सारे हिशेब गेले!” एवढेंच ते बोलूं शकले.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांवर चढलें, तेव्हां या संस्थेचें दप्तर भिजून गेलें होतें. पुढें तिनें हिशेब ‘क्लाउड’मध्यें नेले. नांव मेघाचें असलें तरी वस्तु जमिनीवरचीच! दुसऱ्याच्या इमारतींतील मोठ्या संगणकाचा एक हिस्सा आपण भाड्यानें घेतों. त्यासच आभासी यंत्र म्हणतात. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुण्यास व ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस अशीं केंद्रें उघडलीं, तेव्हांपासून हा व्यवहार आपल्याकडे रुळला आहे.

चिटणिसांनीं ‘पिंग’ करून पाहिलें होतें, उत्तर नाहीं. मोबाइलवरून प्रयत्न केला, तेथेंही मौन. त्यांच्या तरुण मदतनिसानें दोन उपाय सुचविले होते: यंत्र बंद करून पुन्हा चालू करावें, नाहीं तर तें पुसून नवें घ्यावें. दुसरा उपाय ऐकून माझ्या अंगावर कांटाच आला. यंत्र पुसलें कीं त्याची मुख्य डिस्कही पुष्कळदां त्याबरोबरच जाते. पहिलाही निर्धोक नव्हे. कायमचा पत्ता राखून ठेविला नसेल तर बंद-चालू करितांना यंत्राचा सार्वजनिक पत्ता बदलूं शकतो, आणि एका दोषाचे दोन होतात.

१९४२ च्या आंदोलनांत सातारा जिल्ह्यांत तारायंत्राच्या तारा ठिकठिकाणीं तोडल्या गेल्या. परंतु संदेश जात नाहीं, यावरून पलीकडचें तार-ऑफिसच नाहींसें झालें असें कोणी मानीत नसे. संदेश कोठपर्यंत पोंचतो तें पाहावयाचें व तुटलेला भाग शोधावयाचा. येथेंही तेंच करावें लागतें. शिवाय मौन एकाच जातीचें नसतें. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा तत्काळ नकार आला, तर वाट बहुधा मोकळी आहे. आंतला कामकरी प्रोग्रॅम तेवढा बंद आहे, किंवा तो केवळ स्वतःच्याच घरांतील हांक ऐकत बसला आहे. वाट पाहून पाहून ‘टाइम्ड आउट’ आलें, तर आपली हांक मध्येंच कोणीतरी गिळली. हा गिळणारा बहुधा फायरवॉल नांवाचा पहारेकरी असतो. पिंगला उत्तर देऊं नये अशी त्याला कित्येकदां आज्ञाच असते, म्हणून पिंगच्या मौनावरून कांहींच सिद्ध होत नाहीं.

मीं विचारलें, “सभासदांचें पान उघडतें का?” तें उघडत होतें! तें पानही त्याच यंत्रावरचें. म्हणजे यंत्र जिवंत, वाट शाबूत. केवळ व्यवस्थापनाचें बावीस क्रमांकाचें दार बंद. तें बंद कोणी केलें? कंपनीच्या नियंत्रण-पानावर पाहिलें तों पहारेकऱ्यास आज्ञा होती कीं, सांगलीच्या कार्यालयाच्या पत्त्यावरून येईल त्यालाच आंत घ्यावें. आणि इंटरनेट पुरविणाऱ्या मंडळींनीं रात्रींतून कार्यालयाचा तो अंकी पत्ताच बदलला होता! बिचारा पहारेकरी दिलेली आज्ञा इमानानें पाळीत होता. मोबाइलचा पत्ताही त्याला परकाच.

“मग सगळ्या जगालाच उघडूं या कीं दार, कटकट मिटेल,” मदतनीस म्हणाला. “अरे बाबा,” मीं म्हटलें, “बावीस क्रमांकाचें दार उघडें दिसलें कीं परवलीचे शब्द अजमावीत फिरणारीं स्वयंचलित यंत्रें त्यावर येऊन धडकतात. सभासदांच्या ठेवींचे हिशेब आहेत ते!”

जुना पत्ता खोडून नवा लिहिला; बाकी कशास हात लावला नाहीं. दहा वाजण्यापूर्वीं दार उघडलें, आणि चिटणीस कायमच्या पत्त्याचा अर्ज लिहावयास बसले.