खात्याचीही उगवण तपासा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



घरच्या ज्वारीचे बी धरले, तरी पेरण्याआधी आपण शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवले ते पाहतो. कपाशीच्या बोगस बियाण्याने हात पोळल्यापासून पिशवीवरच्या चित्रावर तर आपला भरवसाच उरलेला नाही. मोबाईलवर मात्र नाव आणि फोटो दिसला की आपण लगेच मान डोलावतो. आज मला एवढेच सांगायचे आहे, की खात्यालाही उगवण-चाचणी लावा.

२०२०-२१ मध्ये तीन कृषी कायद्यांविरुद्ध शेतकरी दिल्लीच्या सीमांवर वर्षभर बसले. त्या कायद्यांबद्दल तुमचे-माझे मत काहीही असो. तेव्हा घडलेली एक गोष्ट प्रत्येक चळवळीने लक्षात ठेवावी अशी आहे. ट्विटर, फेसबुक, इन्स्टाग्रामवर शीख नावांची काही खाती सांगत होती, 'आम्हीच खरे शीख. हे आंदोलन खलिस्तानवाल्यांनी बळकावले आहे.' नोव्हेंबर २०२१ मध्ये सेंटर फॉर इन्फर्मेशन रेझिलियन्स या संस्थेचा अहवाल आला. या जाळ्याच्या गाभ्याशी ८० बोगस खाती निघाली. त्यांच्यामागे कोण, ते सिद्ध झाले नाही.

ही खाती पकडली कशी? काहींवर चक्क पंजाबी अभिनेत्रींचे फोटो होते. तेच नाव, तोच फोटो तिन्ही ठिकाणी. मजकूर एका साच्यातला, आणि सगळे एकमेकांची री ओढणारे. तोंडे ऐंशी, आवाज एक!

हीच पारख आपल्यालाही करता येते.

पहिले, वय पाहा. फेसबुकच्या पेजवर 'पेज ट्रान्सपरन्सी' दाबले की ते कधी सुरू झाले, नाव केव्हा बदलले, ते दिसते. काल गाणी लावणारे पेज आज बियाणे विकत असेल, तर सावध व्हा.

दुसरे, फोटो तपासा. गूगल लेन्समध्ये टाकला की तो आधी कुठे वापरला गेला, ते बहुधा सापडते.

तिसरे, गोतावळा पाहा. खऱ्या माणसाच्या खात्यावर लग्न-बारसे असते, गावचे लोक असतात, भांडणेही असतात. बोगस खात्याला सोयरे नसतात. निळ्या खुणेवर जाऊ नका. २०२३ पासून ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, ती पैसे भरून मिळते.

चौथे, मागणी पाहा. पीएम-किसानचा हप्ता अडकला म्हणून एपीके फाईल उघडायला सांगणारा चोरच समजा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. ओळखीच्याच्या नावाने कोणी पैसे मागितले, तर त्याच्या जुन्या नंबरवर फोन करा. फसलातच तर लाजू नका. लगेच १९३० वर कळवा.

एका खुणेवरून मात्र कोणाला बोगस ठरवू नका. आपल्या पोराने काल काढलेले खातेही नवेच असते. दोन-तीन खुणा जुळल्या, तरच संशय धरा.

भावांनो, पैसे गेले तर पुढच्या हंगामात उभे राहता येते. एकमेकांवरचा विश्वास गेला तर संघटना उभी राहत नाही. कापूस घरात असताना 'उद्या भाव कोसळणार' एवढी एक अफवा शंभर गाड्या बाजाराकडे पळवू शकते. 'मेळावा रद्द' एवढा एक निरोप मैदान रिकामे करू शकतो. असा निरोप आला तर पुढे ढकलू नका. तालुक्याच्या आपल्या माणसाला फोन लावा, त्याचा आवाज ऐका, मगच बोला.

बियाण्याची पिशवी फसवते, दाणा फसवत नाही. दाणा पाहायची सवय आपल्याला आहेच. तीच मोबाईलवर लावायची आहे.