स्वागताध्यक्षीय भाषण : बालक आणि त्याचे घर

माननीय अध्यक्षमहोदया, उद्घाटक महाशय, निरनिराळ्या प्रांतांतून आलेले संशोधक व अध्यापक, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस भगिनींनो, आणि आपली शेतीची कामे बाजूला ठेवून येथे आलेल्या आमच्या पाड्यापाड्यांतील माता-पित्यांनो,

बालविकास, बालशिक्षण आणि कुटुंबस्वास्थ्य या तिन्ही विषयांचा एकत्र विचार करणाऱ्या या परिषदेचे यजमानपद डहाणू तालुक्याकडे यावे, असे जेव्हा ठरले, तेव्हा मुंबई-पुण्याची सभागृहे, ग्रंथालये आणि वसतिगृहे सोडून विद्वज्जनांना सह्याद्रीच्या पायथ्याशी का आणावे, असा प्रश्न काही हितचिंतकांनी सद्भावनेनेच विचारला. त्याला स्वागत समितीने दिलेले उत्तर असे की, भारतातील ग्रामीण बालशिक्षणाचा एक अत्यंत गंभीर व दीर्घकाळ चाललेला प्रयोग याच तालुक्यात, येथून जवळच असलेल्या बोर्डीच्या समुद्रकिनारी आणि कोसबाडच्या टेकडीवर झाला. आणि आज आपण ज्या प्रश्नांवर निबंध वाचणार आहोत, त्यांतील बहुतेक प्रश्न त्या प्रयोगाने तेव्हाच समोर आणून ठेवले होते.

कै. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीस आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, त्या वेळी त्यांचे वय 53 वर्षांचे होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांच्या सहवासात माँटेसरी पद्धतीचा अभ्यास, 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना, शिक्षणपत्रिकेचे संपादन, आणि पुढे मुंबईत दादरला शिशुविहाराची उभारणी, एवढे कार्य पाठीशी असलेल्या विदुषीला शहरातच मानाने राहता आले असते. परंतु बालशिक्षण हे सुखवस्तू घरांतील मुलांपुरतेच राहिले, तर ते शास्त्र अपुरे आहे, ही गोष्ट त्यांना अस्वस्थ करीत होती, आणि म्हणून त्या खेड्याकडे वळल्या. बालवैधव्य वाट्याला आलेल्या आणि स्वकष्टाने शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. त्यांनी आपले उर्वरित आयुष्य, म्हणजे 1992 पर्यंतचा काळ, या मुलखालाच दिले.

तो मुलूख तेव्हा कसा होता, हे आजच्या तरुण संशोधकांनी जाणून घ्यावे, अशी माझी इच्छा आहे. जमीन जमीनदारांची, जंगल सरकारचे, धान्य सावकाराचे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनीही जमीनदाराच्या दारी राबणाऱ्या लग्नगड्याचे जिणे पत्करावे, अशी रीत. त्याच 1945 साली गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतील वारली या वेठीविरुद्ध उठले. एका बाजूला प्रौढांनी मान वर करणे आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या लेकरांसाठी बालवाडी उघडणे, या दोन्ही घटना एकाच वर्षी, एकाच परिसरात घडल्या. आणि मला तरी त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, कारण ज्याच्या श्रमाचा मालक दुसराच कोणी आहे, त्या बापाच्या मुलाचे बालपण त्याचे स्वतःचे असू शकत नाही.

बोर्डीत आणि पुढे 1957 पासून कोसबाडात या दोघींच्या ध्यानी जे आले, ते मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझे सारे म्हणणे त्यातच आहे. बालवाडी उघडली म्हणजे मुले येतील, हा शहरी हिशेब येथे लागू पडेना. मूल घरी न्हालेले नसे, खरजेने खाजवत असे, पोट रिकामे असे. म्हणून त्याला अंघोळ घालणे, नखे काढणे आणि खाऊ घालणे हाच अभ्यासक्रमाचा पहिला पाठ ठरला. तरीही कित्येक मुले येत नसत; तेव्हा मुलांना केंद्रावर बोलावण्याऐवजी केंद्रच वस्तीत न्यावे, एखाद्या झोपडीसमोरच्या सारवलेल्या अंगणात, मुलांच्या सोयीच्या वेळी शाळा भरवावी, असा निर्णय झाला, आणि अंगण-बालवाडी जन्मास आली. सहा-सात वर्षांची मोठी मुलगी शाळेत का दिसत नाही, याचा शोध घेतला, तर तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे आणि आई रानात किंवा शेतावर आहे, हे उघड झाले. तेव्हा धाकट्यासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी आणि थोरलीसाठी प्राथमिक शाळा एकाच आवारात आणावी लागली, आणि या एकत्रित रचनेला विकासवाडी असे नाव मिळाले. थोरला मुलगा गुरे घेऊन कुरणात जातो, त्याला शाळेत आणणे म्हणजे घराची भाकर काढून घेणे, हे कळल्यावर शिक्षकच कुरणात गेला, आणि कुरणशाळा सुरू झाली. माँटेसरीबाईंची मौल्यवान साधने येथे परवडणारी नव्हती आणि परवडली असती तरी परकी वाटली असती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांवर मोजणे, लावणे, वर्गवारी करणे शिकवले जाऊ लागले.

सभ्य स्त्री-पुरुषहो, यातील प्रत्येक पावलावर एकच गोष्ट घडली. मुलाचा प्रश्न हाती घेतला की त्यामागून घर उभे राहिले. आणि घराचा प्रश्न सोडवल्यावाचून मुलाचा सुटेना. प्रयोगशाळा, नमुना-निवड किंवा संख्याशास्त्र यांचा आधार न घेता, निव्वळ रोजच्या निरीक्षणाने हा निष्कर्ष निघाला, म्हणून तो कमी प्रतीचा आहे, असे कोणी मानू नये.

जगाच्या इतर भागांत, अधिक काटेकोर पद्धतीने झालेल्या अभ्यासांनीही पुढे हेच दाखवले. जमैकातील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत 1986-87 साली 129 खुरटलेल्या अर्भकांवर झालेला अभ्यास आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. काही मुलांना पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात आणि घरच्याच टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या खेळण्यांनी आईला मुलाशी बोलणे-खेळणे दाखवीत. काहींना दोन्ही मिळाले, आणि काहींना यांपैकी काहीच नाही. वीस वर्षांनंतर त्या मुलांना पुन्हा शोधून काढले, तेव्हा ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या, त्यांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के अधिक आढळली. नुसत्या पूरक आहाराचा तेवढा दीर्घ परिणाम मात्र दिसला नाही. अमेरिकेतील इप्सिलांटीच्या 123 मुलांचा 1962 साली सुरू झालेला प्रसिद्ध अभ्यास बालवाडीच्या लाभाचा दाखला म्हणून नेहमी दिला जातो. परंतु तेथील शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईसोबत बसत असत, ही बाब सांगायची बहुधा राहून जाते. आणि आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले, तेव्हा तुलनेच्या गावांच्या मानाने नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली ‘लॅन्सेट’ने जगापुढे मांडले. शहर, देश आणि दशके निरनिराळी. पण उंबरठा ओलांडून आत जाणारी एक स्त्री हे तिन्ही ठिकाणचे समान सूत्र आहे.

आता आमच्या अडचणींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी 1992 साली साऱ्या महाराष्ट्राला हादरवले, आणि त्यानंतर योजना, समित्या व हुकूम यांची कमतरता पडली नाही. तरीही भाताची कापणी संपली की आमच्या पाड्यांवरची माणसे आजही वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर स्थलांतर करतात. पाच-सहा महिने मूल ज्या अंगणवाडीच्या पटावर आहे तेथे ते नाही, आणि जेथे ते आहे तेथील पटावर त्याचे नाव नाही. आईच्या उदरात असताना एका गावी नोंद, जन्म दुसऱ्या तालुक्यात, लस तिसरीकडे. अशा मुलाच्या वाढीचा आलेख कोणी व कसा काढावा, हा आपल्या शास्त्रापुढचा खरा प्रश्न आहे, आणि स्थलांतरामुळे नमुन्यातून गळालेली कुटुंबे म्हणून तळटीपेत त्यांची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते. कारण सर्वांत कष्टात जी मुले आहेत, ती नेमकी हीच.

दुसरी अडचण आईच्या वेळेची. पालकांनी मुलाशी बोलावे, गोष्टी सांगाव्यात, त्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, असा उपदेश आपले अहवाल करतात. तो योग्यच आहे. परंतु पहाटे पाणी, मग सरपण, मग दिवसभर आवणी किंवा मजुरी आणि संध्याकाळी पुन्हा चूल, असा ज्या बाईचा दिवस आहे, तिच्या दिवसातील कोणता तास आपण मुलासाठी मोकळा करून देणार आहोत, हे त्या अहवालांत क्वचितच असते. पाण्याचा नळ दारात आणणे हाही बालविकासाचा कार्यक्रम आहे, असे या परिषदेने ठामपणे म्हटले, तर मला धन्यता वाटेल.

तिसरी अडचण भाषेची आहे. आमच्या पाड्यावरचे मूल वारली बोलत अंगणवाडीत येते आणि तेथे पुस्तकी मराठी ऐकते; त्याचे मौन हे मंदत्व समजले जाते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला आणि मातृभाषेचा आग्रह धरला, ही मोठीच प्रगती होय. आता ज्या चाचण्यांनी आपण मुलांचा भाषाविकास मोजतो, त्या चाचण्या वारली, कातकरी, कोकणा मुलांच्या बोलीत उतरल्या पाहिजेत. तोवर मोजमापात कमी पडते ती चाचणी, मूल नव्हे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात पोचले. या योजनेचा सारा डोलारा ज्या स्त्रीच्या खांद्यावर आहे, ती सेविका वजन करते, आहार वाटते, लसीकरणाला मुले गोळा करते, गृहभेटी देते, रजिस्टरे लिहिते, भ्रमणध्वनीवर माहिती भरते, आणि या सर्वांतून वेळ उरला तर मुलांना शिकवते. आणि एवढ्याबद्दल तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. तिच्या कामातील शिकवण्याचा भाग अग्रक्रमाने वाढवायचा असेल, तर दप्तराचा भार कमी करणे आणि तिला शिक्षिकेचा दर्जा व वेतन देणे, यांवाचून दुसरा मार्ग नाही. आजच्या परिषदेत सेविका भगिनींना श्रोत्यांत नव्हे, तर वक्त्यांत बसवले आहे. संशोधकांना विनंती अशी की, त्यांचे अनुभव त्यांनी आपल्या निबंधांइतक्याच गांभीर्याने ऐकावेत.

आपल्या निवासाची व्यवस्था शाळेच्या वर्गांतून व गावातील घरांतून केली आहे, आणि भोजनात नागलीची भाकरी व रानभाज्या आहेत. उद्या सकाळी कोसबाडच्या टेकडीवर जाण्याची सोय केली आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य यावे.

आता अध्यक्षमहोदयांनी आसन ग्रहण करून सूत्रे हाती घ्यावीत, अशी प्रार्थना करण्यापूर्वी स्वागत समितीच्या वतीने एकच मागणी मांडतो. या तालुक्यातील घरांनी वर्षानुवर्षे संशोधकांना आपल्या मुलांची वजने, उंच्या, दंडाचे घेर आणि घरातील खाजगी गोष्टी सांगितल्या. त्यातून अहवाल झाले, पदव्या मिळाल्या, धोरणे लिहिली गेली, परंतु त्या घरांना उत्तर फारसे कोणी दिले नाही. म्हणून यापुढे ज्या पाड्यात अभ्यास होईल, त्या पाड्यात परत येऊन, तेथील लोकांना समजेल अशा बोलीत, आपल्याला काय आढळले ते अंगणात बसून सांगितल्यावाचून कोणताही अभ्यास पूर्ण झाला असे मानू नये, असा ठराव या परिषदेने समारोपाच्या अधिवेशनात मंजूर करावा, ही आपणा सर्वांस आग्रहाची विनंती.