भरवसा आणि प्रयत्न : आपल्या मराठी ज्यू बांधवांकडून शिकण्यासारखं

(गणेशोत्सवानिमित्त अलकापुरी येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय फलकावर लागल्यापासून दोघा-तिघांनी मला विचारलं, "गणपतीच्या मांडवात ज्यू धर्म कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण हा प्रश्न बडोद्यात तरी पडू नये. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी शंभर वर्षांपूर्वीच बडोदा कॉलेजात वेगवेगळ्या धर्मांच्या तौलनिक अभ्यासाची सोय केली होती आणि त्यासाठी आल्बन विजरी या इंग्रज प्राध्यापकांना इथे आणलं होतं. दुसऱ्याच्या देवघरात आदरानं डोकावलं की आपलंही देवघर नीट दिसतं, ही या गावाची जुनी रीत आहे.

दुसरं असं की ज्यू म्हटलं की आपल्याला लांबचा देश आठवतो, पण यातले काही ज्यू आपलेच आहेत, मराठी बोलणारे. पेणकर, दिवेकर, रोहेकर, चेऊलकर, केहिमकर ही आडनावं ऐकली तर कोकणातलं कुठलंही घर डोळ्यांसमोर येईल. 'बूट पॉलिश' चित्रपटातले जॉनचाचा आठवतात ना? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, याच समाजातले. या समाजाला बेने इस्रायल म्हणतात. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ बुडाले, भाषा हळूहळू विसरली गेली. उरलं ते थोडंच: मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, 'शेमा' नावाची एक लहानशी प्रार्थना, आणि शनिवारची सुट्टी.

या शनिवारच्या सुट्टीपासूनच मला आजचा विषय सुरू करायचा आहे. विषय आहे देवावरचा भरवसा.

कोकणात या लोकांचा मुख्य धंदा तेलाचे घाणे चालवण्याचा. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबायचा, तो शनिवारी सूर्यास्तानंतरच पुन्हा सुरू व्हायचा. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. ज्या वारी आपण मारुतीला आणि शनीला तेल वाहतो, नेमका त्याच वारी यांचा घाणा बंद! विचार करा, हातावर पोट असलेल्या माणसानं आठवड्यातला एक दिवस, वर्षातले पन्नासहून जास्त दिवस, आपणहून कमाई सोडायची. कुणी सक्ती करणारा नाही, धर्मगुरू नाही, ग्रंथही हाताशी नाही. ही माणसं भरवशावर प्रवचन देत नव्हती, बैल सोडून मोकळी होत होती.

यामागे एक जुनी कथा आहे. मिसर देशातल्या गुलामीतून सुटलेले इस्रायली लोक चाळीस वर्षं वाळवंटात होते. तिथे रोज सकाळी त्यांना 'मान्ना' नावाचं अन्न जमिनीवर पडलेलं मिळे. नियम असा की लागेल तेवढंच गोळा करायचं. उद्यासाठी लपवून ठेवलं तर त्यात किडे पडत. शुक्रवारी मात्र दुप्पट मिळे, कारण शनिवारी गोळा करायला जायचं नाही. आजही शब्बाथच्या जेवणात ज्यू घरांत दोन पाव मांडतात ते त्या दुप्पट अन्नाच्या आठवणीनं. आमच्या बेने इस्रायल घरांत त्या वेळी वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत असतं. कथेतली एक गोष्ट लक्षात घ्या. अन्न आकाशातून आलं तरी वाकून गोळा करावं लागत होतं. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असा हा प्रकार नव्हता.

ज्यू शिकवणीत भरवशाला हिब्रू शब्द आहे 'बिताखोन'. श्रद्धेसाठी वेगळा शब्द आहे, 'एमुना'. देव आहे असं मानणं ही एमुना, आणि त्याच्यावर आपला भार टाकून पाऊल उचलणं हे बिताखोन. गंमत म्हणजे आजच्या हिब्रूत याच धातूपासून विम्याला शब्द आला आहे, 'बितुआख'. म्हणजे देवावरचा भरवसा आणि आपली एलआयसीची पॉलिसी ही एकाच घराण्यातली! संरक्षण खात्याच्या नावातही हाच 'बिताखोन' आहे. भाषेनंच सांगून ठेवलं आहे की भरवसा आणि तजवीज एकमेकांच्या शत्रू नाहीत.

तल्मूद या त्यांच्या महाग्रंथातही हीच दिशा दिसते. बापाची कर्तव्यं सांगताना तिथे म्हटलं आहे की मुलाला धर्मज्ञान द्यावं आणि एखादा धंदाही शिकवावा. काही गुरू तर म्हणतात, पोहायलाही शिकवावं. देव बुडू देणार नाही असं म्हणून मुलाला नदीत सोडायचं नाही. आजार देवानं दिला असेल तर वैद्यानं मध्ये का पडावं, या शंकेचंही उत्तर आहे: वैद्याला बरं करण्याची परवानगी धर्मानंच दिली आहे. आणि चमत्कारावर विसंबून राहू नये, असा संकेतही तिथेच सापडतो.

मग भरवशाला काम तरी काय उरलं? अकराव्या शतकात स्पेनमधल्या सारागोसा शहरात बाह्या इब्न पाकुदा नावाचे धर्मपंडित होऊन गेले. 'हृदयाची कर्तव्यं' अशा अर्थाचं नाव असलेल्या त्यांच्या ग्रंथात एक संपूर्ण विभाग भरवशावर आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसानं आपला उद्योग मन लावून करावा, कारण ते कर्तव्य आहे, पण पोट त्या उद्योगामुळेच भरतं असं समजू नये. दुकान हे केवळ निमित्त. हे एकदा पटलं की गिऱ्हाइकापुढे लाचार व्हावं लागत नाही, वजनात मारावं लागत नाही, आणि रात्री झोप येते. भरवशाचं फळ म्हणून ते पैसा सांगत नाहीत, मनाची स्वस्थता सांगतात.

याची परीक्षा कशी करायची? विसाव्या शतकातले मोठे ज्यू विद्वान अवराहम येशाया कारेलिट्झ, ज्यांना 'हझोन इश' म्हणून ओळखतात, त्यांनी एक उदाहरण दिलं आहे. एक दुकानदार असतो. धंदा उत्तम, आणि तोंडी सतत देवावरच्या भरवशाच्या गोष्टी. एके दिवशी शेजारी तसंच दुसरं दुकान उघडतं, आणि याची झोप उडते. त्या दुकानाच्या वाटेत काटे कसे पेरायचे याचे बेत सुरू होतात. आपल्या रावपुऱ्यात, मांडवीत, नाहीतर इथे अलकापुरीतच अशी दुकानं आपण पाहिली आहेत. मी फक्त दुकानदारांबद्दल बोलत नाही. नोकरीतल्या बढतीचं, सोसायटीच्या निवडणुकीचं, मुलांच्या मार्कांचंही तसंच आहे. हेच हझोन इश पुढे स्पष्ट करतात की सगळं माझ्या मनासारखं होईल ही खात्री म्हणजे भरवसा नव्हे. जे घडतं ते आंधळ्या योगायोगानं घडत नाही, एवढंच भरवसा सांगतो.

आता नवसाकडे येऊ, कारण तो आपल्या जिव्हाळ्याचा विषय. बेने इस्रायल लोकही नवस करतात, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याला. अलिबागजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथून स्वर्गाला गेला आणि त्याच्या खुणा खडकावर राहिल्या, असं ते मानतात. नवस फेडताना 'मलिदा' करतात: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, सुकामेवा आणि फळं. ताट समोर ठेवून प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी मिळून खायचं. आजारातून उठलं, लग्न ठरलं, नवीन घर झालं की मलिदा होतो. आपल्या घरच्या सत्यनारायणाच्या प्रसादाची आठवण यावी असाच हा बेत.

या समाजातला सगळ्यात प्रसिद्ध नवस सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांचा. मराठीत त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटलो तर प्रार्थनालय बांधीन, असा त्यांनी संकल्प केला, अशी परंपरा आहे. ते सुटले, आणि १७९६ साली मुंबईत बेने इस्रायल समाजाचं पहिलं प्रार्थनालय उभं राहिलं, 'शाआर हाराहामीम', म्हणजे दयेचं द्वार. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत, कारण हा समाज प्रार्थनालयाला मशीदच म्हणत असे. पुढे धर्मग्रंथाची गुंडाळी मिळवण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि तिथेच वारले. या नवसात त्यांनी देवाला नारळ कबूल केला नाही, स्वतःचे कष्ट कबूल केले, आणि अखेरपर्यंत दिले. मागणं देवाकडे, पण हमी स्वतःच्या हातांची.

पण मंडळी, एक अवघड प्रश्न बाजूला ठेवून चालणार नाही. ज्यांचं मागणं पुरं झालं नाही त्यांचं काय? गेल्या शतकात युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले. त्यात प्रार्थना करणारे लाखो होते. 'सगळं भल्यासाठीच होतं' असं त्यांच्या नातलगांना सांगण्याची कुणाची हिंमत आहे? ज्यू परंपरा इथे गप्प बसायला सांगत नाही. त्यांचा अब्राहम सदोम शहर वाचावं म्हणून देवाशी आकड्यांवर घासाघीस करतो. त्यांचा ईयोब देवाला जाब विचारतो. आपल्याकडे नामदेव, जनाबाई विठ्ठलाशी हक्कानं भांडले, तसंच हे. भांडण जवळच्याशीच होतं. रागावणं म्हणजे भरवसा तुटणं नव्हे.

माणसांशी लढायची वेळ आली तेव्हाही हा समाज गप्प राहिला नाही. इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली आणि लग्नाच्या वेळी वंशाची चौकशी सुरू केली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ग्रंथाशिवाय शनिवार पाळला, त्यांना हा प्रश्न! त्यांनी धरणं धरलं, निदर्शनं केली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला की हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, आणि धर्मपीठालाही माघार घ्यावी लागली. देवावर भरवसा आणि हातात फलक, दोन्ही एकाच वेळी.

आता शेवटचा मुद्दा, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. सासोवचे रब्बी मोशे लेब यांच्या नावे एक शिकवण सांगतात. देवानं सगळंच कशासाठी तरी निर्माण केलं, मग नास्तिकपणा कशासाठी? त्यांचं उत्तर असं की कुणी मदत मागायला दारात आला तर 'देवावर भरवसा ठेव' म्हणून त्याला परत पाठवू नकोस. त्या क्षणी जगात देव नाही, त्याला मदत करणारा तू एकटाच आहेस, असं समजून वाग.

मंडळी, हे वाक्य आपण किती सहज वापरतो! दवाखान्यात भेटायला जातो, पाच मिनिटं बसतो, "काकू, देवावर भरवसा ठेवा" म्हणतो आणि लिफ्टकडे वळतो. आपल्या याच भागात कितीतरी घरांत दोनच माणसं उरली आहेत, काही घरांत एकच. मुलं अमेरिकेत, कॅनडात, पुण्यात. रात्री छातीत कळ आली तर शेजारच्यांचा नंबर फोनमध्ये आहे का, हा त्यांचा खरा प्रश्न. भरवसा हा स्वतःच्या संकटात स्वतः घ्यायचा आधार आहे. दुसऱ्याच्या संकटात तो सल्ला म्हणून द्यायचा नाही, तिथे उठायचं असतं.

कोकणातही हेच घडलं. शतकानुशतकं या छोट्या समाजाला शेजाऱ्यांनी धर्मावरून छळलं नाही. त्यांच्या शनिवारला नाव दिलं, पण तो मोडायला लावला नाही. त्यांच्या भरवशाला शेजाराचा टेकू होता. आणि शेजाराकडून त्यांनीही घेतलं. १८८० च्या सुमारास त्यांच्यात अब्राहम, योसेफ यांच्या आख्यानांची मराठी कीर्तनं सुरू झाली. स्वातंत्र्याच्या वेळी वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आज भारतात काही हजारांवर आला आहे. इथून दोन तासांवर, अहमदाबादला खमासा भागात, १९३४ सालचं त्यांचं 'मागेन अब्राहम' प्रार्थनालय आहे. कांकरियाचं प्राणिसंग्रहालय उभं करणारे रूबेन डेव्हिड याच समाजाचे. अहमदाबादला गेलात तर ती वास्तू आदरानं जरूर पाहा.

मराठीत काम सुरू करण्याला आपण 'श्रीगणेशा करणं' म्हणतो. आधी त्याचं नाव, आणि लगेच पुढे काम. विघ्नहर्त्यावर भार टाकायचा तो याच अर्थानं. म्हणून जाता जाता दोन विनंत्या करतो. आठवड्यातली एक संध्याकाळ घाणा थांबवा. घाणा म्हणजे आपला फोन, शेअरचे भाव, ऑफिसचे निरोप. चार तासांनी जग बुडत नाही, हे अनुभवा. आणि विसर्जनाच्या आधी आपल्या इमारतीत एकटं राहणाऱ्या प्रत्येकाचं दार एकदा वाजवा. मोदक घेऊन जा, आणि नंबर लिहून देऊन या.



गणपती बाप्पा मोरया!